रश्श्यात ओतलेली बाटली

फुमी, ती बाटलीची गोष्ट तू दहा वर्षं चुकीची सांगितलीस. चूक तुझी नाही. मी तुला ती चुकीची दिली आणि तू ती तशीच पुढं वाटलीस. आपल्या खानावळीत नवीन गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दहा मिनिटांत तुझं सुरू, "आमच्या गणूची एक गंमत सांगते." मग त्यात तुझा भाऊ तोशिओ यायचा, त्याची मोठी बाटली यायची, माझं मटणाचं पातेलं यायचं, आणि शेवटी तू तोंडावर हात धरून हसायचीस. गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो, पाठमोरा, कांदा चिरत.

आज खरी सांगतो. तू गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस, आपल्याकडच्या तेराव्यासारखा, गेल्या रविवारी झाला. आता आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर काहीतरी लिहा, असं स्मिता म्हणाली. तीच पुण्याची स्मिता, जिचा नवरा इथं जपानात, कावासाकीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि जी तुझ्याकडून जपानी तांदूळ धुवायला शिकून गेली. म्हणाली, "काका, जन्म, शिक्षण, आवडी, कार्य, असं थोडक्यात लिहा." मी म्हटलं, कार्य काय, तीस वर्षं भांडी घासली आणि मला सहन केलं. ती म्हणाली, "मग तेच लिहा." माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन ती बघणार आहे, बाकीच्याला हात लावायचा नाही असं बजावलंय. तुला मराठी बोलता यायची, वाचता यायची नाही, म्हणून लिहून झालं की तुझ्या फोटोपुढं बसून मोठ्यानं वाचणार आहे. मधे बोलू नकोस.

मराठी तू माझ्याकडूनच शिकलीस, म्हणून माझ्यासारखीच बोलायचीस. जहाजावरच्या स्वयंपाक्याची मराठी ती. या कंपनीवाल्यांच्या बायका पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा त्यांच्यादेखत तू म्हणालीस, "ए गणू, गॅस बारीक कर, मेल्या." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तुला बाजूला घेऊन शिकवलं, काकू, नवऱ्याला अहो म्हणायचं. तू दोन दिवस म्हणून बघितलंस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "अहो म्हटलं की तू ऐकत नाहीस."

खरं होतं ते. मला वाटायचं, मागं कुणीतरी दुसरं उभं आहे.

आता वाईनचं. मला त्यातलं कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तुझं माहेर डोंगरात, जिकडं बघावं तिकडं द्राक्षांचे मांडव. तिथं वाईन म्हणजे बड्या लोकांची चैन नाही. तांदळाच्या दारूच्या, साकेच्या पावणेदोन लिटरच्या बाटलीत भरायची, बिनकानाच्या चहाच्या कपात ओतायची आणि मुळ्याच्या लोणच्याबरोबर, शिजवलेल्या भोपळ्याबरोबर प्यायची. बाटली रिकामी झाली की धुऊन ज्याची त्याला परत करायची, पुढल्या वर्षी तो भरून देतो. बाटली परत गेली म्हणजे संबंध चालू. हे तूच मला सांगितलं होतंस. मी तेव्हा कान दिला नाही.

दर शरदात तू द्राक्षं तोडायला चार दिवस माहेरी जायचीस, एकटी. येताना तोशिओची बाटली आणायचीस, पुढल्या खेपेला रिकामी घेऊन जायचीस. दुकान बंद असलं की रविवारी दुपारी अर्धा कप ओतून बसायचीस, आणि आदल्या दिवशीचं जे काही उरलं असेल त्यातला एकेक घास त्याच्यासोबत. शाळेच्या मुलाची असते तसली एक वही केली होतीस. पदार्थाचं नाव, आणि पुढं खूण. गोल म्हणजे जमलं, त्रिकोण म्हणजे बरं, फुली म्हणजे नाही. मला जपानी अक्षरं निम्मीअर्धी लागत नाहीत, पण गोल, त्रिकोण, फुली लागते. तू झोपलीस की नाही हे न बघता मी ती वही चाळायचो. तुला ठाऊक असेलच.

सोयाबीनचा मिसो लावून भाजलेलं वांगं, गोल. मांसाचं सुकियाकी, गोल. गोड सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेला ईल, गोल. त्यावर मी म्हटलं, "मासा चालतो मग. माझ्या बांगड्याला फुली का?"

"त्याला सॉस आहे, कोळशाचा वास आहे. तुझ्या बांगड्यावर ही प्यायली की खिळा चघळल्यासारखं लागतं."

"मग पिऊ नकोस. बांगड्याचा काय दोष?"

"दोष नाही रे. जोडी नाही."

सोलकढीपुढं तू दोन फुल्या मारल्या होत्यास. ते मात्र मला पटलं होतं. सोलकढीबरोबर दुसरं काही प्यायचं म्हणजे सोलकढीचा अपमान.

आणि माझ्या मटणापुढं त्रिकोण. माझ्या मटणापुढं, फुमी. कारखान्यातली माणसं शनिवारची वाट बघायची त्या मटणासाठी. यावर आपण किती वर्षं भांडलो? तुझं एकच म्हणणं, "मिरची निम्मी कर. तिखटावर ही वाईन पेटते, तिची चवच लागत नाही. खोबरं आणि कांदा आणखी भाज, काळा होईपर्यंत. ही दाट आहे, तिला दाटच पाहिजे."

"निम्मी मिरची म्हणजे आजाऱ्याचं मटण."

"एकदा पिऊन तर बघ, मग बोल."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

तू लोकांना सांगायचीस, गणू पीत नाही. गणू पीत होता. जहाजावर रम प्यायलोय, इथं आल्यावर नववर्षाची साके प्यायलोय. फक्त ती नको होती, कारण ती तोशिओची होती.

गेल्या वर्षी टीव्हीवर कुणी डॉक्टर म्हणाला की लाल वाईन हृदयाला चांगली. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातलं फडताळ रिकामं. तू हसलीस. म्हणालीस, "आमचे आजोबा पीत पीत नव्वदीला टेकले, त्यांना कुणी टीव्हीवर बोलावलं नाही." हृदयाला चांगली म्हणे, आणि तुझं हृदयच आधी गेलं. त्या डॉक्टरला चार शब्द ऐकवावेत असं मनात होतं. आपली मीना म्हणाली, "बाबा, राहू दे. दोष कुणाचाच नाही." कुणाचाच नाही, तेच जड जातं. एखादा दोषी असता तर रोज सकाळी उठून त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

तोशिओला मी तशाच घालत आलो. त्याला कारण होतं. तुझे वडील गेले तेव्हा मीना पोटात होती. लग्नाला तुझ्याकडचं कुणी आलं नव्हतं, तरी आपण गेलो, तीन ट्रेन बदलून. फाटकापाशी तोशिओ उभा होता, काळ्या कपड्यात. तुला आत घेतलं आणि मला म्हणाला, "आपण कृपया इथंच थांबावं." अगदी नम्र भाषेत. तेच जास्त लागलं. लाकडी फाटक, वर छोटंसं छप्पर. मी त्याच्याबाहेर चार तास उभा राहिलो. आत मंत्र चालू होते. मधे एक म्हातारी आली, चहाचा कप माझ्या हातात देऊन गेली. चहा नव्हता तो, वाईन होती. मी ती मातीत ओतली आणि कप फाटकावर ठेवला. हेही तुला सांगितलं नव्हतं.

परत येताना ट्रेनमध्ये तू विचारलंस, "थंडी वाजली का?"

मी म्हटलं, "नाही."

त्या दिवसावर आपण एवढंच बोललो.

मग मीना वीस वर्षांची झाली, त्या जानेवारीत तोशिओ आपल्या दारात आला. मीना किमोनो नेसून विशी गाठलेल्या मुलांच्या सरकारी समारंभाला गेली होती आणि मी तिच्यासाठी मटण चढवलं होतं, खानावळीच्या मोठ्या पातेल्यात. तो शेवटच्या स्टुलावर बसला आणि कापडात बांधलेली बाटली त्यानं काउंटरवर ठेवली. तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "तीन द्राक्षांची आहे. जमायला अकरा वर्षं लागली. तुमच्यासाठी."

तू इतकी खूश झालीस की चांगले कप आणायला धावत वर गेलीस. जिना वाजला. मी बाटली उचलली, बूच काढलं आणि पातेल्यात ओतली.

तो समोर बसला होता. मी त्याच्याकडे बघत ओतली. मोठी बाटली रिकामी व्हायला वेळ लागतो, फुमी. गळ्यात अडकते, गुडगुडते, पुन्हा सुटते. मधे थांबता आलं असतं. तीनदा तरी आलं असतं.

तू कप घेऊन खाली आलीस. मी म्हटलं, "अगं, ही मटणात घातली. जहाजावर कॅप्टनच्या स्ट्यूत घालायचो तशी. प्यायची होती होय?"

तू बाटलीकडे बघितलंस, मग भावाकडे. तोशिओ म्हणाला, "मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी." आणि तू हसायला लागलीस. कप छातीशी धरून खाली फरशीवर बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. तोशिओनं दोन वाट्या मटण खाल्लं, तिखटानं त्याच्या कानांवरून घाम गळत होता. मग तो उठला, मान लववली आणि गेला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू हसलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तू ती गोष्ट शेजारणीला सांगितलीस, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला. एकदा गोष्ट झाली की ती मोडवत नाही. ते मटण दुसऱ्या दिवशी फार चांगलं लागलं होतं, हेही मी कबूल केलं नाही.

ती रिकामी बाटली मात्र तू परत नेली नाहीस. तुझी बाटली नेत होतीस, ही नाही. सोया सॉस भरून गॅसपाशी ठेवलीस, रोज माझ्या हातात येईल अशी. दर शरदात निघताना विचारायचीस, "ही देऊ या का या वर्षी?" मी म्हणायचो, सॉसला लागते. "तुझी आहे ती," तू म्हणायचीस. "तूच द्यायची." आणि पिशवी उचलून चालू लागायचीस.

एकोणपन्नासाव्या दिवशी तोशिओ येणार हे मीनानं सांगितलं, तेव्हा मी सॉस दुसरीकडं काढला आणि ती बाटली धुवायला घेतली. कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून हलवायची, तू शिकवलं होतंस तशी. तीन दिवस हलवली. खांदा गेला माझा.

तुमच्या रीतीनं तोपर्यंत घरात मांस शिजवलं नव्हतं. भटजी मंत्र म्हणून गेले आणि मग मी पातेलं चढवलं. मिरची निम्मी घातली. हात थांबत होता, पण घातली निम्मीच. खोबरं आणि कांदा काळा होईपर्यंत भाजला. इतका धूर झाला की मीनानं तिन्ही खिडक्या उघडल्या आणि जपानीत काहीतरी पुटपुटली, जे तू पुटपुटायचीस तेच. स्मितानं गावाहून आणलेले काळे वाटाणे दिले होते, त्यांचं सांबारं केलं. तुझ्या वहीत काळ्या वाटाण्यापुढची जागा कोरी आहे, ते माझ्या डोक्यात होतं. तुझं म्हणणं, वाटाणा गरीब आहे, ही वाईन त्याला चिरडून टाकील. माझं म्हणणं, दोघंही मातीतले, जमेल. मग तेव्हाचे गावाहून आलेले वाटाणे संपले आणि भांडण तसंच राहिलं.

तोशिओ काठी टेकत आला, चौऱ्याहत्तरचा झालाय. पुन्हा शेवटच्या स्टुलावर बसला. पुन्हा कापडातली बाटली. मी त्याच्यासमोर वाट्या मांडल्या आणि बसायच्या आधीच म्हटलं, "त्या दिवशी मी मुद्दाम ओतली होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी समोर बसलो होतो."

"फुमीला सांगितलं नाहीत?"

त्यानं समोरची वाटी सरळ केली. मग म्हणाला, "ती हसत होती." आणि पुढं म्हणाला, "घर सोडून गेली त्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा हसली होती. ते कशाला मोडायचं?"

दहा वर्षं, फुमी. मी त्याला शिव्या घालत होतो आणि तो माझं खोटं सांभाळत होता. तुझ्यासाठी सांभाळत होता, माझ्यासाठी नाही. पण सांभाळलं.

मग तो स्टुलावरून उतरला, काठी बाजूला ठेवली आणि मान लववली, खाली, बराच वेळ. म्हणाला, "फाटकाचं मीही कधी बोललो नाही." मीही वाकलो. जागा तेवढीच, काउंटर आणि भिंत यांच्यामधली. मीना म्हणाली, "सावकाश, डोकी आपटतील."

त्यानं ओतली. एक कप तुझ्या फोटोपुढं, एक मीनाला, एक त्याला, एक मला. रंग पिकल्या करवंदाचा, कपाचा तळ दिसत नाही असा. पहिला घोट घेतला आणि जीभ आखडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. मी म्हटलं, तुरट आहे. तो म्हणाला, "नुसती नका पिऊ. खा."

मटणाचा तुकडा खाल्ला. चरबी जिभेवर पसरली, तुरटपणा गेला. पुन्हा घोट घेतला, चरबी गेली आणि तोंड पुढच्या घासाला मोकळं. भाजलेलं खोबरं आणि ही वाईन, दोघांना एकाच चुलीचा वास. मिरची निम्मी होती म्हणून हे कळलं. आधीसारखी असती तर नुसती आग झाली असती. तू म्हणायचीस ते हेच.

मी तोशिओला विचारलं, तीन द्राक्षं कशाला? तो म्हणाला, एक वडिलांनी लावलेलं, ते वासाला. एक अंगाला. एक टिकायला. एकट्यानं कुणाचंच भागत नाही. हे मला लगेच कळलं. माझ्या मसाल्यात बेडगी मिरची रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला. तीस वर्षं आम्ही दोघं एकच काम करत होतो, तो डोंगरात आणि मी कावासाकीत, आणि एकमेकांना सांगितलं नाही.

मीनानं वही आणली. मटणापुढचा तुझा त्रिकोण मी पुसला नाही. त्याच्याभोवती गोल काढला. तू जिंकलीस.

वाटाण्याचं मात्र ऐक. तोशिओनं पहिल्यांदाच खाल्ले. एक चमचा, एक घोट. पुन्हा एक चमचा, एक घोट. मग वाटी पुढं केली. कोऱ्या जागेत मी गोल काढला. तो म्हणाला, "दोन काढा." गोलात गोल काढला, म्हणजे उत्तम. हे भांडण मी जिंकलो, फुमी. तू नसताना जिंकलो, म्हणून ते धरू नकोस. तुला उलटून बोलता येत असतं तर मी हरायलाही तयार होतो.

निघायच्या वेळी मी धुतलेली बाटली त्याच्यापुढं ठेवली. त्यानं बूच काढून वास घेतला.

"सॉसचा वास येतोय."

"दहा वर्षं सॉस होता."

"मग यातली आपण दोघांनीच प्यायची. गावात दाखवायची नाही."

तो ती कापडात बांधायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या. मी घेऊन येतो."

त्यानं वर बघितलं. "ट्रेन लांबची आहे, गणू-सान." तीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं.

"माहीत आहे. एकदा आलोय. फाटकापाशी आलो की हाक मारीन."

"कुठलं फाटक?"

"तुमचं. लाकडी, छपराचं."

"ते काढलं," तो म्हणाला. "ट्रॅक्टर जात नव्हता आत. पंचवीस वर्षं होऊन गेली."

पंचवीस वर्षं. दर शरदात तू त्या वाटेनं आत जात होतीस आणि परत आलीस की मी विचारायचो, ट्रेनला गर्दी होती का. दुसरं काही विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. मी विचारीन म्हणून वाट बघत होतीस, की तुझाही राग होता माझ्यावर, आता कोण सांगणार. माझ्या डोक्यात ते फाटक अजून तसंच उभं होतं, आणि तिथं कुणीच नव्हतं. मी एकटा त्याच्याबाहेर.

बाटली कापडात बांधून दाराशी ठेवली आहे. सोमवारी निघतो. मीनानं ट्रेनच्या वेळा मराठीत लिहून दिल्यात, तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट. म्हणाली, बाबा, वर डोंगरात गारठा असेल, लोकरीची बनियन घाला. घालीन.

तू ट्रेनमध्ये विचारलं होतंस, थंडी वाजली का. वाजली होती, फुमी. फार वाजली होती.